एकतिसावं पान

नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तरुबाला गायेन हसत होती. डोक्यावर संस्थेची निळी टोपी, हातात कुदळ आणि मागे लांबवर हिरवंगार भात. ते भात तिच्या गावचं, हेतालदहचं, नव्हतं. गेल्या आश्विनात हेतालदहच्या शेतांवर मिठाचा पांढरा थर पसरला होता आणि फोटो काढण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. म्हणून संस्थेच्या लाहिडीबाबूंनी तिला भोटभोटीत, इंजिनाच्या होडीत, बसवून पलीकडच्या बेटावर नेलं, कुणा परक्याच्या शेतात उभं केलं आणि म्हणाले, "तरुदी, जरा हसा."

आणि ती हसली होती. या गोष्टीचाच तिला आता सगळ्यात जास्त राग येत होता.

चैत्र अर्धा सरला होता. ब्लॉकच्या गावातल्या वादळ-निवाऱ्याच्या वरच्या मजल्यावर चाळीस बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, आसपासच्या बेटांवरच्या चाळीस गावांतून एकेक निवडून आणलेल्या. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आज शेवटचा दिवस, जेवणाआधी परीक्षा. जी पास होईल ती महिन्याच्या मानधनावर आपल्या गावची कृषिसखी. हवामान असं फिरल्यावर काय पेरावं, कधी पेरावं, वादळात नदी आत शिरली तर शेताचं काय करावं, हे गावाला तिने सांगायचं. गेल्या वर्षी तरुबालाही याच खुर्चीवर बसली होती. यंदा तिला बढती मिळाली होती, मास्टर ट्रेनर म्हणून. म्हणजे हजेरी घ्यायची, पुस्तिका वाटायच्या, पेपर गोळा करायचे आणि शेवटी प्रमाणपत्रं हातात द्यायची. शिकवायचं कलकत्त्याहून आलेल्या लाहिडीबाबूंनीच.

छापखान्याने पुस्तिका आज सकाळी पाठवल्या. दोन दिवस पडद्यावरच्या चित्रांवर भागलं होतं. तरुबालाने गठ्ठा सोडला, स्वतःचं तोंड पाहिलं आणि थेट एकतिसावं पान उघडलं.

शब्द न् शब्द तोच. 'शेतात आलेले पाणी अडवा. थेंब न् थेंब साठवा. बांध पक्के करा, फोडू नका. पाणी बाहेर सोडणे म्हणजे जमिनीचे धन वाहू देणे.' खाली चित्र होतं: लाल माती, पळसाचं झाड आणि दगड रचून केलेला बांध. दगड! हेतालदहच्या पोराला दगड बघायचा असेल तर दोन नद्या ओलांडून रेल्वेच्या रुळांपर्यंत जावं लागतं. अख्खं बेट गाळाचं. पुस्तिका मुळात पुरुलियाच्या कोरड्या माळासाठी लिहिलेली, जिथे पडलेला पाऊस तासाभरात वाहून जातो. तिथे ती सोळा आणे खरी. कलकत्त्यात बसून कुणीतरी तिच्यावर वाघाचं चित्र डकवलं आणि दिली सुंदरबनात पाठवून. यंदा वाघ काढून तिथे तरुबालाला डकवलं होतं. इथे शेतात येणारं पाणी नदीचं असतं आणि नदीचं पाणी समुद्राचं असतं, एवढं त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण सांगितलं कसं नव्हतं? तिनेच सांगितलं होतं. अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, तीन पानं लिहून तिने लाहिडीबाबूंच्या हातात दिली होती. त्यांनी उभ्याउभ्या वाचली, मान हलवली. "फार मोलाचं आहे हे, तरुदी. पुढच्या आवृत्तीत नक्की." ही ती पुढची आवृत्ती.

गेल्या वर्षीच्या परीक्षेत प्रश्न चौदा होता: 'शेतात साचलेल्या पाण्याचे काय कराल? (अ) साठवू. (आ) सोडून देऊ.' त्या प्रश्नाच्या डोक्यावर तारा होता. असे पाच तारावाले प्रश्न, त्यातला एक जरी चुकला तरी माणूस नापास. तरुबाला खाऱ्या मातीतच वाढलेली. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती सांगायची की इथे दूधेश्वर भात येईल की नाही. तिला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. तिने खूण 'साठवू'वर केली, कारण पास व्हायचं होतं. मनात म्हणाली, कागदावर त्यांचं, शेतात आपलं. पेपराच्या खाली शपथ होती, 'मी माझ्या गावास या पुस्तिकेप्रमाणे सल्ला देईन,' तिच्याखाली तिने सही केली. संस्थेने त्या शपथेची मोठी प्रत फोटोसकट हेतालदहच्या पंचायतीच्या भिंतीवर लावली. शिवाय तिने गावाची सभा घेऊन पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली, कारण सभेचे फोटो पाठवायचे होते. एकतिसावं पान वाचताना तिने आवाज जरा बारीक केला. तेवढीच तिची हुशारी.

मग ज्येष्ठात वादळ आलं, तेही नेमकं पौर्णिमेच्या उधाणावर. नदीच्या बांधाला शाळेपाशी खांड पडली आणि साडेतीनशे बिघे जमीन कमरेइतक्या खाऱ्या पाण्याखाली गेली. गाव रडत बसलं नाही. बांबू रोवले, गोण्या टाकल्या, बायकांनी साखळी धरून चिखल दिला आणि तिसऱ्या दिवशी खांड बुजवली. पुढचं काम सगळ्यांना पाठ होतं. उधाण ओसरून भरती मंदावते, त्या भांगाचे चार दिवस मिळतात, तेवढ्यात प्रत्येक ओहोटीला शेतांचे बांध कापायचे, नदीकडे पाणी सोडणाऱ्या उघाडीचं दार वर ओढायचं आणि नदीचं पाणी नदीला परत द्यायचं. मीठ मुरायच्या आत पाणी निघालं की पाऊस उरलेलं धुऊन काढतो आणि भाताचं एक पीक पदरात पडतं. आज्या-पणज्यांपासून हेच चाललेलं. याला कुणाची परवानगी कधी लागली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तेव्हा पन्नासेक माणसं कुदळी घेऊन शेतावर उभी होती. सगळ्यांत पुढे अक्रूर, तरुबालाच्या बहिणीचा नवरा. तेवढ्यात पंचायतीचा मेंबर गौरहरी सांपुई लुंगी सावरत आला. गावच्या नात्याने तो तिला बौदी म्हणायचा, म्हणजे वहिनी. त्याची जमीन सगळ्यात खोलगट, त्यात तो कोळंबी सोडायचा. हे पाणी महिनाभर राहिलं तर शेजाऱ्यांच्या शेतांतही आयतीच कोळंबी पोसली जाणार होती, आणि पुढे ती शेतं त्याच्याच घशात जाणार होती. हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

"थांबा थांबा!" तो म्हणाला. "बांध फोडताय? पंचायतीच्या भिंतीवर काय लिहिलंय वाचलं नाही वाटतं कुणी? कुणाची सही आहे त्याच्याखाली?"

"नोना पाणी आहे हे, खारं, मेंबर," अक्रूर ओरडला. "बापजाद्यांपासून सोडत आलोय आम्ही."

"बापजाद्यांनी ट्रेनिंग कुठे घेतलं होतं? ते बौदीने घेतलंय. चांगलं तीन दिवस, अंड्याचं कालवण खाऊन! हां बौदी, सांग आता. पुस्तक खरं की अक्रूर खरा?"

पन्नास माणसांनी तिच्याकडे पाहिलं. पुस्तक खोटं म्हटलं तर सही खोटी, सभेतलं वाचन खोटं आणि आपणही खोट्या. मग ती म्हणाली, "थांबा जरा. सरांना विचारून सांगते."

अक्रूरने कुदळ खाली ठेवली. त्याच्या पाठोपाठ बाकीच्यांनी ठेवल्या. जे काम या माणसांनी कधी कुणाला विचारून केलं नव्हतं, ते ती विचारून येईपर्यंत थांबलं. वादळात टॉवर पडले होते. दोन दिवसांनी पलीकडच्या घाटावर जाऊन तिला फोन लागला. लाहिडीबाबू म्हणाले, "पाहणी पथक येईस्तोवर पुस्तिकेप्रमाणेच चालू द्या, तरुदी. उगाच जबाबदारी अंगावर घेऊ नका." पथक आलं नवव्या दिवशी. तोवर भांग सरला होता. अमावास्येच्या उधाणाने कच्ची खांड पुन्हा फोडली आणि पाणी एकोणीस दिवस शेतात उकळत राहिलं. पाऊस आला तेव्हा मीठ खोल मुरून गेलं होतं. भाताचं रोप हातभर होऊन करपलं. अक्रूर, जो कधी बसिरहाटच्या पुढे गेला नव्हता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी केरळात गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला गेला.

आणि या सगळ्याबद्दल तरुबालाला मिळाली बढती.

चहाच्या सुट्टीत लाहिडीबाबू गच्चीत मुडी, म्हणजे कुरमुरे, खात उभे होते. तिने पुस्तिका त्यांच्या कागदाच्या पुड्यावरच ठेवली.

"पान एकतीस," ती म्हणाली.

त्यांनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. "तरुदी, प्रयत्न केला मी. मजकूर वरून मंजूर होऊन येतो. आज बेचाळीस ब्लॉकमध्ये एकाच वेळी हाच पेपर आहे. इथे मी एक शब्द बदलला तर सगळ्यांचे निकाल लटकतील."

"माझा फोटो बदलायला बरी मंजुरी मिळाली."

"मुखपृष्ठाचा विभाग वेगळा असतो."

"आणि प्रश्न चौदा?"

"तोच आहे. ताराही आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही त्यांना तोंडी सांगा ना. पेपर झाल्यावर, निवांत. मी अडवणार नाही. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी काही कलकत्त्याचा नाही. माझं आजोळ हासनाबादचं. खारं पाणी काय करतं ते लहानपणी पाहिलंय मी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस तिने या माणसाला मनातल्या मनात सूट दिली होती, शहरातला आहे, पुस्तकं वाचून आलाय, त्याला काय ठाऊक.

"कळतं तुम्हाला?" ती म्हणाली. "मग मला फोनवर काय सांगितलंत? कळत असून सांगितलंत?"

"तेव्हा परिस्थिती—"

"न कळणाऱ्याला एक वेळ मी माफ केलं असतं, सर. अक्रूर केरळात विटा वाहतोय. त्याची पोरगी झुमा आत बसलीय, तिसऱ्या रांगेत. तिलाही तुम्ही हेच लिहायला लावणार आणि तिचीही सही भिंतीला चिकटवणार. दीड महिन्यावर ज्येष्ठ आलाय!"

"तुमच्या कराराचं नूतनीकरण याच महिन्यात आहे, तरुदी," लाहिडीबाबू हळूच म्हणाले. धमकीच्या सुरात नव्हे, काळजीच्या. त्यांचा सूर नेहमीच असा मऊ असायचा आणि त्यामुळे त्यांच्या अंगावर ओरडणारी बाईच आक्रस्ताळी दिसायची. "आत चला. वेळ झाली."

पेपर वाटले गेले. पंख्याचा आवाज आणि पेनांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. तरुबाला रांगांमधून फिरत होती. तिसऱ्या रांगेत झुमा बसली होती, तरुबालाच्या जागी हेतालदहची कृषिसखी व्हायला आलेली, बावीस वर्षांची, बापासारखीच रुंद कपाळाची. तिने प्रश्न चौदा वाचला, क्षणभरसुद्धा न थांबता 'साठवू'वर खूण केली आणि पंधराव्याकडे वळली.

तरुबाला वाकली. "काय लिहिलंस हे?"

"अगं मासी, कळतं गं मला," झुमा कुजबुजली. वर हसलीही. "कागदावर त्यांचं, शेतात आपलं."

ते शब्द तरुबालाने कुणाला कधी सांगितले नव्हते. झुमाने ते तिच्याकडून ऐकले नव्हते. पोरीला ते स्वतःहून सुचले होते, जसे तिला स्वतःला सुचले होते, जसे या खोलीतल्या प्रत्येकीला या घटकेला सुचत असणार. चाळीस शहाण्या बायका, प्रत्येकीला खरं उत्तर ठाऊक, प्रत्येकीची खूण खोट्यावर आणि प्रत्येकीच्या मनात की वेळ आल्यावर आपण बघून घेऊ. कुणी काही बघून घेत नाही. वेळ येते तेव्हा समोर मेंबर उभा असतो.

"पेनं खाली ठेवा!" ती ओरडली.

सगळ्या दचकल्या. लाहिडीबाबू खुर्चीवरून उठले. "तरुदी, परीक्षा चालू आहे."

"चालू दे. ऐका गं सगळ्या. प्रश्न चौदा. मी गेल्या वर्षी 'साठवू' लिहिलं. पास झाले, सही केली. तुमच्यासारखंच म्हटलं की शेतात आपण आपलंच करू. मग खांड पडली. पन्नास माणसं कुदळी उगारून उभी होती. मेंबरने माझी सही दाखवली आणि मी म्हणाले, विचारून सांगते." तिचा आवाज फाटला, तो तिने सावरला नाही. "एवढंच बोलले मी. साडेतीनशे बिघे जमीन मेली. वादळाने नाही मारली ती, मी मारली. या कागदाने मारली. तुमच्या गावातही एक मेंबर असेल. तुमचीही सही भिंतीवर असेल. तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आजच सांगून ठेवते. जे खरं आहे ते आत्ता लिहा."

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. मलेका बीबी, झडखाली गावची, चाळिशीची, तीन दिवसांत लाहिडीबाबूंना सगळ्यात जास्त प्रश्न विचारून हैराण करणारी.

"वा गं वा, दिदी!" ती म्हणाली. "तू खोटं लिहून पास झालीस, मास्टर झालीस, चोपड्यावर फोटो छापून आला तुझा. आणि आम्ही खरं लिहून नापास व्हायचं होय? तुझ्या पापाचं प्रायश्चित्त आमच्या पोटाला चिमटा काढून?"

दोघीचौघी हसल्या. तरुबालाला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"मी नापास झाले तर माझ्या गावात कुणाला पाठवतील?" मलेका पुढे म्हणाली. "भात आणि गवत यातला फरक न कळणाऱ्या कुठल्या तरी शहरातल्या पोरीला. ते बरं का? सांग ना!"

"तू 'साठवू' लिहिलंस तर तुझ्या गावात तू जाणारच नाहीस," तरुबाला म्हणाली. "तुझी सही जाईल. तू तिच्या मागे मागे फिरशील."

"बोलायला सोपंय तुला."

"नाही सोपं. वर्ष लागलं मला."

"बस झालं," लाहिडीबाबू म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. चिडण्यापेक्षा लाजेने जास्त, असं तरुबालाला वाटलं, आणि त्या लाजेचाही तिला संताप आला. लाज वाटते तर बोलावं माणसाने. "वीस मिनिटं उरलीत. पेपर मी गोळा करीन. तरुदी, तुम्ही बाहेर बसा."

ती गच्चीतल्या बाकावर बसली. समोर नदी तुडुंब भरून आली होती. खाली स्वयंपाकी अंडी सोलत होता. तिला वाटत होतं की उठावं आणि त्या पुस्तिकांचा गठ्ठा नदीत भिरकावावा. पण त्या पुन्हा छापून येतील हेही तिला पक्कं माहीत होतं.

जेवणानंतर निकाल लागला. लाहिडीबाबूंनी स्वतः वाचून दाखवला. चाळीसपैकी एकोणचाळीस पास. नापास एकच, मलेका बीबी. प्रश्न चौदावर तिने दोन्हींपैकी कशावरच खूण केली नव्हती. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खारं पाणी कुणी साठवतं का?' खालची सहीची जागा कोरी होती.

खोलीत कुजबूज झाली. मलेकाने पदर सारखा केला आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

प्रमाणपत्रं तरुबालाच्या हातून द्यायची होती. फोटोवाला तयार होता. पहिलं नाव पुकारलं, एक तरुण बाई पुढे आली, तिने कागदाचं टोक धरलं. तरुबालाने दुसरं टोक सोडलं नाही.

"खांड बुजली. ओहोटी लागली. काय करशील?"

बाई गोंधळली. लाहिडीबाबूंकडे तिने पाहिलं. "त्यांच्याकडे बघू नकोस. काय करशील?"

"बांध कापीन," बाई पुटपुटली.

"मोठ्याने."

"बांध कापीन!"

तरुबालाने कागद सोडला. फोटोवाल्याने फोटो काढला. दुसरी आली, तिसरी आली. लाहिडीबाबू एकदा 'तरुदी' म्हणाले आणि मग यादीतलं पुढचं नाव पुकारू लागले. पंधराव्या नावापासून बायका तिने विचारायच्या आतच उत्तर ओरडू लागल्या, त्यात थोडी गंमत आली, मागच्या रांगेत हशा पिकला. त्या हशाने तरुबालाचं पित्त आणखी खवळलं. सभेत घोषणा द्यायला सगळ्यांना जमतं. ती स्वतःसुद्धा देऊ शकली असती.

अठ्ठाविसावं नाव झुमाचं होतं.

"बांध कापीन, मासी!" झुमा लांबूनच म्हणाली आणि हसत पुढे आली. तिने कागद धरला. तरुबालाने सोडला नाही.

"मेंबर समोर उभा आहे," ती म्हणाली. "भिंतीवरून काढून आणलेली तुझी सही त्याच्या हातात आहे. पन्नास माणसं तुझ्या तोंडाकडे बघतायत. तुझे बाबा गावात नाहीत. आता?"

झुमाचं हसू मावळलं. तिने ओठ चावला. ती खोटारडी पोर नव्हती. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मग घेऊ नकोस हा."

"मासी, सोड ना."

"झुमा, घेऊ नकोस."

"बाबांना परत आणायचंय मला!" पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि आवाज मात्र धारदार झाला. "ते तिकडे का गेले? कुणामुळे गेले? तू बोलली नाहीस म्हणून गेले. आणि आता तूच मला अडवतेस? सोड!"

तिने हिसका दिला आणि तरुबालाची बोटं उघडली. कागद फाटला नाही, नुसता चुरगळला. झुमा तो छातीशी धरून जागेवर जाऊन बसली. उरलेली प्रमाणपत्रं तरुबालाने काही न विचारता वाटून टाकली. विचारायचा हक्क आपल्याला नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. पोरगी खरं बोलली होती आणि ते ऐकून घ्यायलाच हवं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्या घाटावर आल्या. ओहोटी लागली होती, चिखलाचे काठ उघडे पडत चालले होते. भोटभोटी घाटाला लागायला वेळ होता. झुमा मैत्रिणींच्या घोळक्यात, मासीकडे पाठ करून उभी होती. तरुबाला एकटीच पायरीवर बसली. आज घरी जाऊन लाहिडीबाबूंना काय लिहून पाठवायचं त्याची वाक्यं ती मनात जुळवत होती. जुळेल ते वाक्य शिवीच निघत होतं.

शेजारी कुणीतरी धप्पकन पिशवी ठेवली. मलेका बीबी होती.

"सरक जरा."

तरुबाला सरकली. मलेकाने पानाचा डबा काढला, एक विडा स्वतःच्या गालात धरला, एक तिच्यापुढे केला. तिने घेतला.

"सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढलीस," तरुबाला म्हणाली. "मग सरळ खूण करून मोकळी का नाही झालीस?"

"खरडपट्टी काढली कारण तुझं बोलणं खरं होतं आणि ते तू वर्षभर उशिरा बोललीस. राग येणार नाही का माणसाला?" मलेकाने चिखलात पिंक टाकली. "आणि खूण करायला हात उचलला होता मी. पण माझ्या शेतात अजून मीठ आहे, गेल्या वादळाचं नाही, त्याच्या आधीच्या. हात खाली आलाच नाही."

"आता गावात काय सांगशील?"

"नापास झाले म्हणून सांगेन. नवरा म्हणेल, बरं झालं, घरचं बघ." ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "तुझ्या त्या पोरीचं चुकलं नाही हं काही. भिंतीवरच्या सहीला बाई भितेच. मीही भ्याले असते."

"मग?"

"मग काय? माझी सही कुठल्याच भिंतीवर नाही." मलेकाने डबा मिटून कमरेला खोचला. भोटभोटीवाला हाका मारू लागला होता, बायका साड्या वर खोचून चिखलात उतरत होत्या. "तुझ्या गावात खांड पडली तर मला निरोप धाड. झडखालीहून एक भरती लागते यायला. पहिली कुदळ मी मारीन. मेंबरला काय कागद नाचवायचे ते माझ्यापुढे नाचवू दे."

ती उठली, पिशवी डोक्यावर घेतली आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळली.

"फक्त निरोप धाडायच्या आधी कुणाला विचारत बसू नकोस."